बंदूक घेऊन फॅमिली आली म्हणून तूर वाचत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका दादांनी लिहिलं होतं की रानडुकरं आणि रोह्यांचा (म्हणजे नीलगायींचा) बंदोबस्त करायचा तर अमेरिकेसारखी शिकार खुली करा, शहरातल्या हौशी लोकांना बायकापोरांसकट शेतावर येऊ द्या, ते पैसे पण देतील आणि शेतकऱ्याचं पीक पण वाचेल. आमच्या गावात त्या पत्राचा फोटो ग्रुपवर फिरला, बऱ्याच पोरांनी अंगठे दिले. मला पोरांचा राग नाही आला, कारण ज्याच्या हरभऱ्यात एका रात्रीत कळप लोळून जातो त्याला सकाळी धुऱ्यावर उभं राहून काय वाटतं ते मला माहीत आहे. पण ती अमेरिकेतली फॅमिली शिकार मी त्यांच्याच गाडीत बसून पाहिली आहे, आणि शिकारीनं पीक वाचत नाही हे मला तिथल्याच शेतकऱ्यानं सांगितलं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण पूर्ण छापा ही विनंती.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. कापूस, तूर, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. आधी भुईमूग असायचा, ज्वारी असायची. भुईमूग डुकरांमुळे बंद झाला, ज्वारी पाखरं आणि डुकरं दोघांमुळे. आता तुरीला शेंग धरली की घरातला एक माणूस रात्री वावरात, म्हणजे जागलीला, थंडी असो की नसो. मचाणावर गोधडी, बॅटरी, सुतळी बॉम्ब, रिकामा डबा आणि काठी. दिवसा तोच माणूस फवारणी करणार, बाजारात जाणार. आमचे हे कितीतरी वर्षं जागलीला जातात, आता मुलगाही जातो आणि घरी मी आणि सून दार लावून बसतो. डुक्कर वाटतं तेवढं भित्रं नाही, पिल्लंवाली मादी अंगावर येते, आणि रोही दिसायला गरीब असला तरी दोनशे किलोच्या पुढचं जनावर आहे, कळपानं हरभऱ्यात शिरला की घाटे तर जातातच, झाडं पण तुडवून जातात. हे एवढ्यासाठी सांगितलं की मला कोणी शहरातली प्राणीप्रेमी बाई समजू नये. जनावर वावरात नको, हे माझंही म्हणणं आहे.

तर लेकीच्या बाळंतपणाला मी टेक्सासला गेले होते, आमची तूर निघाल्यावर. ती राहते तो पट्टा ऑस्टिन आणि वॅकोच्या मधला, आणि मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते मातीचं. काळी कुळकुळीत, ओली झाली की पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिथं त्या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात आणि तिथंही कापूस, मका आणि ज्वारीच. ज्वारी मात्र ते गुरांना घालतात. लेकीच्या घराशेजारी एक शेतकरी कुटुंब आहे, आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आजोबांना मी शेतकरीण आहे कळल्यावर त्यांनी जावयाला सांगितलं की यांना शनिवारी रात्री आमच्या बरोबर आणा, आम्ही सगळे डुकरं मारायला जातो.

त्यांचं मक्याचं पेरणं नुकतंच झालेलं. डुकरं काय करतात तर पेरणीच्या ओळीनं चालत जातात आणि एकेक दाणा उकरून खातात, सकाळी शेत बघावं तर यंत्रानं केलेली सरळ ओळ तेवढीच सरळ उकरलेली. मी ते आदल्या दिवशी बघितलं आणि माझ्या पोटात कालवलं, वावर दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं.

रात्री निघालो. उघडी चारचाकी गाडी, पुढे आजोबा आणि मुलगा, मागे सून, नातू, जावई आणि मी, नात लहान म्हणून घरी. नातू बारा-तेरा वर्षांचा. निघायच्या आधी आजोबांनी सगळ्यांना ओट्यावर उभं केलं आणि नियम सांगितले, दरवेळी सांगतात म्हणे. रायफलचं तोंड कायम जमिनीकडे. मी बोट ठेव म्हणेपर्यंत घोड्यावर बोट नाही. जनावर कोणतं आहे ते नक्की झाल्याशिवाय नेम नाही. आणि त्या जनावराच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. हे शेवटचं त्यांनी नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. रायफलवर थर्मल दुर्बीण, त्यात गरम अंग अंधारात पांढरं दिसतं, मी पण बघितलं, लांबवर शेजाऱ्याची वासरं दिसली, दोन हरणं दिसली, आणि मग ओढ्याच्या कडेनं खाली मान घालून चाललेला कळप. वीसेक असतील, मोठ्या माद्या आणि पिल्लं.

पोरगं किती शांत होतं सांगू. आजोबांनी गाडी उंचवट्यावर नेली, म्हणजे गोळी चुकली तर खाली मातीत जाईल, तिपाईवर रायफल लावून दिली, कानाला आवाज दाबायची टोपणं घातली. पहिली मादी जागेवर पडली. मग मुलानं आणखी दोन मारली, आणि बाकीचा सगळा कळप क्षणात ओढ्यात गायब. संपलं. एवढ्यासाठी दोन तास. सुनेनं हातमोजे घालून मांस काढलं, मोजे का तर या डुकरांमुळे ब्रुसेलोसिस नावाचा ताप माणसाला लागू शकतो, आणि घरी येऊन सगळ्यांनी कोको प्यायला. त्या घराला मी नावं ठेवणार नाही. तिथं कायद्यानं हे चालतं, पोरगं बापाजवळ आणि आजाजवळ बसून शिस्त शिकतं, मारलेलं खाल्लं जातं. माणसं चांगली होती.

पण जावयानं माझ्या वतीनं विचारलं की आजोबा, याच्यानं मका वाचतो का? आजोबांनी मान हलवली. म्हणाले ही रात्र नातवासाठी आहे. तीन पडली, बाकीची आज माझ्या शेतातून पळाली ती उद्या शेजाऱ्याच्या शेतात जातील आणि चार दिवसांनी परत इथंच येतील, आणि आता त्यांना गाडीचा आवाज कळतो. मग त्यांनी सकाळी मला त्यांचा खरा बंदोबस्त दाखवला.

तो बंदोबस्त म्हणजे लोखंडी जाळीचा मोठा गोल पिंजरा, ओढ्याजवळ. आत कितीतरी दिवस नुसता मका टाकायचा, दार उघडं ठेवायचं, काही करायचं नाही. आधी एखादं डुक्कर आत जातं, मग दोन, मग पिल्लं, शेवटी अख्खा कळप बिनधास्त आत यायला लागतो. कॅमेरा लावलेला असतो, तो फोनवर दाखवतो, आणि ज्या रात्री मोजून सगळीच्या सगळी आत असतील त्याच रात्री फोनवरून दार पाडायचं. एक जरी बाहेर असेल तर पाडायचं नाही, कारण बाहेर राहिलेली मादी परत कधी पिंजऱ्यात जात नाही आणि दुसऱ्यांनाही जाऊ देत नाही. आजोबांना यात फार धीर लागतो. पण कळप गेला की त्या शेतात कितीतरी दिवस शांतता.

मी घरी आल्यावर जावयाला बसवून याच्यावर वाचायला लावलं, आणि जे कळलं ते दादांनी नक्की वाचावं.

टेक्सासमध्ये शिकार किती खुली आहे बघा. २०११ पासून हौशी शिकाऱ्यांनाही हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचं लायसन्सही लागत नाही, परराज्यातून आलेल्यालाही नाही. रात्री चालतं, थर्मल चालतं, मर्यादा नाही, बारा महिने. याच्याहून जास्त खुलं काय करणार? आणि तरी डुकरं २५४ पैकी २५३ काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, आहेत, वीस लाखांच्या पुढे अंदाज. कारण सहा-आठ महिन्यांची मादी व्यायला लागते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लोकांचा हिशेब असा की आकडा नुसता आहे तिथं रोखायचा तरी दरवर्षी दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात, आणि सगळी शिकार, सगळे सापळे धरून त्याच्या निम्मीही निघत नाहीत.

आणि टेनेसी राज्याचं तर ऐकाच. तिथं पूर्वी डुकरं थोड्याच काउंटीत होती. १९९९ मध्ये सरकारनं विचार केला की राज्यभर शिकार खुली केली तर कमी होतील. झालं उलटंच, हौशी लोकांना आपल्या गावाजवळ शिकार पाहिजे म्हणून त्यांनी डुकरं ट्रेलरमध्ये घालून नव्या नव्या ठिकाणी सोडली, आणि बारा वर्षांत डुकरं जवळजवळ अख्ख्या राज्यात पसरली. शेवटी २०११ मध्ये त्यांनी हौशी शिकारच बंद केली, आता शेतमालक आपल्या जमिनीवर बंदोबस्त करतो आणि सरकारी माणसं कळपच्या कळप धरतात. मिसुरी राज्यानंही २०१६ पासून आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली, कारण एकदोन मारली की बाकीचा कळप फुटून पांगतो आणि पिंजऱ्याची मेहनत वाया जाते. न्यूयॉर्क राज्यानं २०१४ मध्ये शिकारीवर बंदी घालून सरकारी पथकांनी पिंजरे लावले आणि २०१६ मध्ये डुकरं संपली म्हणून जाहीर केलं. म्हणजे जिथं संपली तिथं शिकार बंद करून संपली, आणि जिथं शिकारीला मोकळं रान आहे तिथं वाढतायत.

याचं कारण काही अवघड नाही. शिकारीच्या हौसेला डुकरं पुढच्या वर्षी पण लागतात. माझ्या तुरीला ती आजच नको आहेत. दोघांचं गणित एका वावरात बसत नाही.

आता आपल्याकडचं. पहिली गोष्ट, टेक्सासचं डुक्कर तिथलं नाहीच. युरोपातून आलेल्या लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, आणि १९३० च्या दशकात काही रँचवाल्यांनी शिकारीसाठी युरोपातली रानटी मुद्दाम आणून सोडली, त्यांचा संकर झाला. म्हणून तिथं सगळी संपवली तरी जंगलाचं काही बिघडत नाही. आपलं रानडुक्कर आणि रोही इथलेच, वाघ आणि बिबट्या त्यांच्यावर जगतात. आमच्या भागात जंगलातलं खाणं संपलं तर वाघ कुठं येईल हे टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांना विचारा.

दुसरी गोष्ट कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. कलम ११ प्रमाणे पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं मारता येतं, पण ती परवानगी बंदोबस्तासाठी आहे, पाहुण्यांच्या सहलीसाठी नाही, आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं जनावर उपद्रवी जाहीर करू शकतं, बिहारमध्ये तसं केलं होतं आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले, देशभर गदारोळ झाला, दोन केंद्रीय मंत्री एकमेकांविरुद्ध बोलले. केरळनं २०२२ मध्ये ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या प्रमुखांना डुक्कर मारायची परवानगी द्यायचे अधिकार दिले. पण तिथंही मारायचं ते नेमलेल्या परवानाधारक माणसानं, बायकापोरं घेऊन आलेल्या फॅमिलीनं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवते. दादा, आपली वावरं बघा. टेक्सासच्या त्या आजोबांचं शेजारचं घर दिसत सुद्धा नव्हतं, एवढी जमीन. आमच्या वावराच्या आजूबाजूला दोन-दोन, तीन-तीन एकरांचे तुकडे, आणि हंगामात जवळपास प्रत्येक तुकड्यात रात्री एक माणूस झोपलेला. कोणाकडं मचाण आहे, कोणी नुसता तुरीच्या दांडात गोधडी घेऊन पडलेला. धनगरांचे वाडे मेंढ्या बसवायला आलेले असतात, त्यांची लेकरं उघड्यावर झोपतात. रात्रीची लाइट आली म्हणून कोणी मोटर चालू करायला चाललेला असतो. रायफलची गोळी सपाट रानात किलोमीटरच्या पुढे जाते, आमच्याकडे कुठं आहे तो उंचवटा आणि कुठं आहे ती मागची रिकामी माती? २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात डुक्कर समजून गोळी झाडली आणि आपलाच गाववाला मेला, तो तर शिकारीला बरोबर निघालेल्यांपैकीच होता. जे गावातल्याच लोकांना अंधारात ओळखू आलं नाही ते पुण्या-नागपूरहून शनिवारी आलेल्या माणसाला ओळखू येईल का? त्याला माहीत असेल का की लिंबाच्या झाडाखाली आमचे हे झोपलेत?

मग करायचं काय, असं कोणी विचारेल आणि विचारायलाच पाहिजे.

एकेकट्या शेतकऱ्याचं कुंपण पुरत नाही. सौर कुंपणाला, म्हणजे आपल्या झटका मशीनला, श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, जे कमी असेल ते मिळतं, चांगली योजना आहे. पण मी माझं वावर बंद केलं की कळप शेजारणीच्या वावरात जातो, तिची परिस्थिती नसते, ती रात्रभर डबा वाजवते. तेच पैसे दहा-वीस शेतकऱ्यांना एकत्र देऊन शिवाराची बाहेरची एकच हद्द बंद केली तर तारही कमी लागते आणि कोणाचं वावर उघडं पडत नाही. तारा पण नीट पाहिजेत, डुकरासाठी सगळ्यात खालची जमिनीपासून वीतभरच, रोह्यासाठी सगळ्यात वरची माणसाच्या डोक्याएवढी, आणि खालचं गवत कापलेलं, नाहीतर झटका गवतातून जमिनीत जातो. आणि हे नाही मिळालं की माणूस वैतागून तारेत थेट लाइनचा करंट सोडतो, त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे परसाकडे गेलेला माणूस मरतो. विदर्भात हे दरवर्षी पेपरात येतं, तुम्हीच छापता.

दुसरं, कळप धरायचं काम प्रशिक्षित पथकानं करावं, पूर्ण कळप एका वेळी. आपल्याच शेजारच्या मध्य प्रदेशात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शाजापूर भागात शेतांमधून हेलिकॉप्टरनं हाकत हाकत, पडद्यांच्या नरसाळ्यातून, ज्याला बोमा म्हणतात, आठशेच्या वर काळवीट आणि ६७ रोही धरून जंगलात नेऊन सोडले. एक गोळी नाही. आफ्रिकेतली पद्धत, आपल्या रानात चालली. मग यवतमाळ, वाशिम, अकोल्यात रोह्यांसाठी का होऊ नये? डुकरांसाठी त्या टेक्सासच्या आजोबांसारखा जाळीचा पिंजरा तालुक्यात आधी दोन-तीन ठिकाणी करून बघा, दार पाडायचं ते वन विभागाच्या माणसानं, आणि पुढं काय करायचं तेही कायद्यात बसवून त्यांनीच ठरवावं. जिथं मारल्याशिवाय उपाय नाही तिथं मारा, मी नाही म्हणत नाही. पण दिवस ठरवून, गावात दवंडी देऊन, सगळ्या जागल्यांना त्या रात्री घरी बोलावून आणि नेमलेल्या माणसाच्या हातून.

आणि दादांनी पैशाचं लिहिलंय, की हौशी लोक शेतकऱ्याला पैसे देतील. देतील ना, ज्याच्याकडं रस्त्याला लागून पन्नास एकर आणि राहायला खोल्या आहेत त्याला देतील. तो मग डुकरं कमी होऊ देईल का? त्याच्या तीन एकरवाल्या शेजाऱ्यानं काय करायचं, याचं उत्तर त्या पत्रात कुठंच नव्हतं.

आमच्या गावच्या १ मेच्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी शिवाराच्या एकत्र कुंपणाचा ठराव मांडायचं ठरवलंय. तुमच्या पेपरला माझी एक विनंती आहे. ज्या गावांनी असं एकत्र कुंपण आधीच केलं असेल त्यांची नावं, एकरी खर्च किती आला, वर्गणी कशी काढली, बॅटरी आणि तारेची देखभाल कोण करतं आणि दोन हंगामानंतर ते चालू आहे की पडलं, हे सगळं तालुक्याच्या पानावर छापा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आलं तर आम्हाला ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

आपली,
एक शेतकरी वाचक
जि. यवतमाळ